सुटले बिचारे

माझे वडील गेले त्या सकाळी मावशी धावत आली, आईच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "सुटले वं बिचारे भाऊजी." कोणी लांबलेल्या दुखण्यानं गेलं की आमच्या लोणारात जो येतो तो हेच म्हणतो. आईनं मात्र तिचे हात गळ्यातून काढले आणि आत निघून गेली.

वडिलांना लकवा होता. आईनं कित्येक वर्षं त्यांना उचललं, पुसलं, घास भरवला. तिच्या कानांनी ऐकलं ते वेगळंच. "माह्या हातून सुटले म्हणे! मी का फास लावला होता त्याहीले?"

"अवं आई, दुखण्यातून सुटले म्हणाली ती."

"तुले काय माहीत? तिचं तोंड मी पाह्यलं."

राग मला समजतो. मी स्वतः तापट आहे, दोन भांडी आपटल्याशिवाय माझी सकाळ होत नाही. पण आपटलं की संपतं. आईचं संपेना. उलट ती मागचं मागचं उकरू लागली. लग्नात मावशीनं हसून केलेली थट्टा, विहिरीवर न दिलेली बादली, वडिलांसाठी आणलेला अळणी वरणाचा डबा, सगळ्याला आता नवा अर्थ आला. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. द्वेषाला नवीन काही लागतच नाही हो, घरात पडलेलं जुनंच त्याला पोटभर पुरतं.

आणि माझी आई वाईट होती का? मुळीच नाही. गल्लीत कोणी तापानं पडलं की पहिली पेज तिची जायची.

आम्ही ख्रिस्ती. रविवारी दोघी एकाच देवळात, दोन टोकांना. प्रभूची प्रार्थना सुरू झाली की आईचा आवाज माझ्या शेजारी खणखणीत असायचा, आणि दुसऱ्यांना क्षमा करण्याच्या ओळीवर एकदम बंद. ती ओळ गेली की पुन्हा सुरू. मनात राग ठेवून प्रभुभोजन घ्यायचं नसतं, म्हणून त्या भाकरीची ताटली आली की ती न घेता माझ्याकडं सरकवायची. पाळकसाहेब घरी येऊन समजावून गेले. त्यांना चहा देऊन म्हणाली, "साहेब, मनात हाये ते हाये. देवापाशी लबाडी कायले करू?" ते बिचारे चहा संपवून निघाले. मी तिच्यासाठी प्रार्थना करायचे तीसुद्धा चिडून, "प्रभू, तूच बघ बाबा हिच्याकडं, माझं काही ही ऐकत नाही!"

पुढं मावशी मुलाकडं सुलतानपूरला राहायला गेली. "बरं झालं, ब्याद गेली," आई म्हणाली. त्या दिवशी ती जेवली नाही.

मग एक दिवस मावसभावाचा फोन आला. "ताई, तुह्या आईले घेऊन ये. माही आई माणसं इसरून राह्यली. अजून कधी कधी तुमची आठवण काढते. लवकर ये."

"ढोंग असन," आई म्हणाली.

मी रडले, ओरडले, नाही नाही ते बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि खाली बसली. "मी का मागत नाही देवाले? रोज मागतो. हे मनच जागचं हालत नाही. काय करू, कापून फेकू?" इतकी वर्षं मला वाटत होतं हिला माफ करायचंच नाही. हिला जमतच नव्हतं, आणि मला ते जमवून देता येत नव्हतं. मीही तिच्याजवळ जमिनीवर बसून राहिले.

पुढच्या रविवारी उपासनेवरून आली ती चप्पल न काढताच म्हणाली, "चाल. यष्टी हाये का आता?" का, ते मी विचारलं नाही. विचारलं तर परत बसेल याची धास्ती. बसमध्ये तिचे ओठ सारखे हलत होते.

मावशी अंगणात बाजेवर तुरीच्या शेंगा सोलत होती. आई तिच्यासमोर उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "मी तुले माफ केलं. तू बी मले कर."

मावशीनं वर पाहिलं, सरकून जागा केली. "बसा ना बाई. कोन्या गावच्या तुमी?"

आई उभीच. मग कशीबशी म्हणाली, "लोणारची."

"लोणारची?" मावशीचा चेहरा फुलला. "माही मोठी बहीण हाये तिथं."

"आई, अवं हेच तुही बहीण," मावसभाऊ पुढं झाला.

"चाल! ते कायले येते? रागावली हाये माह्यावर. काऊन रागावली तेही सांगत नाही." तिनं आईचा हात धरून तिला बाजेवर बसवलं. "तुमाले भेटली त सांगा तिले, मी वाट पाहून राह्यली."

आईनं माझ्याकडं पाहिलं.

"सांगतो," आई म्हणाली. "आजच सांगतो तिले."