मागे कललेलं घर

अरेरा कॉलनीतल्या त्या नव्या घराची वास्तुशांत एका फोटोमुळे अडली होती. टी. टी. नगरचं सरकारी क्वार्टर सोडून एका निवृत्त जोडप्याने ते बांधलं होतं. काकूंनी अंगणातून मोबाइलवर फोटो काढून नागपूरला नणंदेला पाठवला. तिचा लगेच फोन आला: घर मागे कललंय, असल्या घरात पूजा घालू नका. काकूंनी गुरुजींना थांबायला सांगितलं. काकांनी ओळंबा लावून दाखवला. काकू म्हणाल्या, ओळंबा नागपूरहून दिसत नाही.

म्हणून मला बोलावणं आलं. मी इमारतींचे फोटो काढते. मीडियम फॉरमॅट डिजिटल कॅमेरा, त्याला टिल्ट-शिफ्ट लेन्स. मोबाइल वर करून घर टिपलं की भिंती वरच्या बाजूला जवळ येतात आणि घर रेललेलं दिसतं. माझा कॅमेरा ट्रायपॉडवर सरळच राहतो. स्क्रू फिरवून नुसती लेन्स वर सरकवायची. गच्ची फ्रेममध्ये येते, भिंती उभ्या राहतात. टिल्टचं, म्हणजे लेन्स तिरपी करण्याचं, काम नव्हतं, तो शून्यावर ठेवला.

फोटो चोख आला. काकूंनी चष्मा लावून तो टॅबवर पाहिला.

"पण हे तुम्ही लेन्सनं सीधं केलं."

मी म्हटलं, घर सरळच आहे, मोबाइल चुकतो.

"मोबाइल कशाला खोटं बोलेल? त्याला काय मिळतं?"

"माझ्या बहिणीला तरी काय मिळतं?" काका व्हरांड्यातून म्हणाले.

फरक कळावा म्हणून मी वर सरकवलेली लेन्स परत शून्यावर आणली आणि कॅमेरा मोबाइलसारखा वर करून शेजारच्या तीन मजली घराचा एक फोटो घेतला. ते चांगलंच मागे गेलं.

काकूंनी तो फोटो बोटांनी मोठा करून पाहिला.

"यांचं तर आपल्यापेक्षा जास्त पडून राहिलं आहे."

मी पुन्हा समजवायला गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा टाकला आणि दोन्ही फोटो नागपूरला पाठवायला सांगितले. एकात लेन्स सरकवली आहे, दुसऱ्यात नाही, असं खाली लिहू का, मी विचारलं. नको म्हणाल्या, नणंदेला तांत्रिक समजत नाही.

त्याच संध्याकाळी गुरुजींना फोन गेला. वास्तुशांतीला मलाही जेवायला बोलावलं होतं. नणंद रिक्षातून उतरली ती आधी शेजाऱ्यांच्या फाटकासमोर जाऊन थांबली. मान वर करून गच्चीपर्यंत बघून घेतलं.

"लोक राहतात तरी कसे," ती काकूंना म्हणाली आणि चपला काढून आत गेली.