सांडू दे, ताई

रिकामा बसलेला माणूस दिसला की माझ्या बायकोच्या मावशींच्या अंगात येतं, आणि अख्ख्या रायपुरात त्यांच्यासमोर पाच मिनिटं स्वस्थ बसून दाखवलेला इसम मी परवापरवापर्यंत पाहिलेला नव्हता. मावशी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहेत. म्हणजे आजारानं, अपघातानं माणसाच्या हातून सुटलेली रोजची कामं त्याच्या हातात परत देणाऱ्या. चौबे कॉलोनीत मात्र त्या नोकरी लावून देतात अशी ठाम समजूत, त्यामुळे लोक पोरांचे बायोडाटा त्यांच्या फाटकात खोचून जातात. मावशी ते वाचतात! दोघांना तर सिलतऱ्याच्या कारखान्यात चिकटवूनही दिलं. मी हसलो, तर म्हणाल्या, "हसून काय राहिले, जावईबापू? काम हा माणसाचा हक्क आहे. उठा, कोथिंबीर निवडा." मी निवडली. आमच्याकडे त्या दिवशी कोथिंबिरीचा काही बेतच नव्हता. ती त्यांनी स्वतःच्या घरून आणली होती.

तीन वर्षांपूर्वी माझ्या सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, पाय लुळा पडला, आणि बाकीचा माणूस घरच्यांनी मायेनं काढून घेतला. सासूबाई भरवायच्या, मेव्हणा दाढी करायचा, टीव्हीचा चॅनलसुद्धा दुसराच कोणी बदलायचा. ज्यांच्या घासाघिशीनं सदर बाजारातल्या दुकानदारांना घाम फुटायचा, ते सासरे भिंतीकडे बघत पडून राहू लागले. मावशी सासूबाईंच्या धाकट्या बहीण. त्यांनी आठवडाभर हे पाहिलं आणि रविवारी फर्मान काढलं, "भाऊजी, कपडे घाला. बाजारात जाऊन राहिलो आपण."

"मौसी, पागल हो गई हो क्या? वहाँ पैर रखने की जगह नहीं!" मेव्हणा ओरडला.

"हात गेला त्याइचा. जीभ शाबूत आहे ना?"

व्हीलचेअर मी ढकलली. सदर बाजाराच्या मधोमध ती अडकली. मागे स्कूटरींचा पूर, हॉर्नचा कल्लोळ, आणि मावशी दोन्ही हात पसरून उभ्या: "रुको भैया, बाबूजी मोलभाव कर रहे हैं!" सासऱ्यांनी डाव्या हातानं एक पितळी डबा दाखवला. दुकानदारानं भाव सांगितला, आणि कित्येक दिवसांनी त्यांचा आवाज फुटला, "इतने में तो तुम्हारी दुकान आ जाएगी!" हॉर्न थांबले. दोघे स्कूटरवाले तर त्यांच्या बाजूनं भांडू लागले. अखेर दुकानदारानं हात जोडले. डब्याचं झाकण बसत नाही हे घरी आल्यावर कळलं, पण सासरे तो मांडीवरून खाली ठेवेनात.

जेवताना त्यांनी स्वतःच चमचा ओढून घेतला. वरण सदऱ्यावर सांडलं. सासूबाई रडत पुढे झाल्या, तर मावशींनी त्यांचा हात धरला. "सांडू दे, ताई. त्याइचं जेवण आहे ते."

मग दर रविवारी बाजार. घर नको त्या वस्तूंनी भरत गेलं.

यंदा फाल्गुनात सासरे झोपेतच गेले. तेरावं झालं, पाहुणे पांगले. सासूबाई व्हरांड्यात नुसत्या बसून होत्या. मावशी आल्या तसा मी धास्तावलो, आता ह्या त्यांनाही कामाला लावतात की काय. पण त्या बहिणीशेजारी टेकल्या.

"मी काय करू वं आता?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नको करू," मावशी म्हणाल्या.

ऊन उतरेपर्यंत दोघी तशाच बसून होत्या.