आज बाबांचं नाव परत आलं

कोड लिहिणाऱ्यांनो, हसू नका. मरोळमधलं आमचं ऑफिस हाउसिंग सोसायट्यांसाठी ॲप बनवतं. मुलुंडची आमची सोसायटीही त्याच ॲपवर आहे.

आज सकाळी एका वारलेल्या काकांच्या नावापुढे 'दिवंगत' लावायचं होतं. माझ्या टीममधली स्नेहल म्हणाली, "त्यासाठी वेगळी स्क्रीन कशाला बनवतोस रे? कोडमधूनच थेट डेटाबेसवर क्वेरी मार ना."

मारली, म्हणजे डेटाबेसला थेट हुकूम दिला. कोणत्या सभासदासाठी, ही अट घालायची राहिली. डेटाबेसने काही विचारलं नाही. सगळ्या सोसायट्यांचे सगळे सभासद दिवंगत.

एक सेक्रेटरी फोनवर ओरडत होते, "अहो, मी बोलतोय ना तुमच्याशी!" मी नुसतं हो हो करत होतो. आतून काहीच वाटत नव्हतं. महिन्यापूर्वी बाबा गेले, तेव्हापासून असंच आहे.

बॅकअप होता, पण दोन महिने जुना. तो चढवला आणि सगळे जिवंत झाले. मधल्या काळात खरंच गेलेलेसुद्धा.

दुपारी आईचा फोन. "ॲपमध्ये बाबांचं नाव पहिल्यासारखं दिसतंय रे."

"चूक झाली गं. दुरुस्त करतो."

"बरं." मग फोन ठेवता ठेवता, "घाई नाहीये."

संध्याकाळी, मधल्या दोन महिन्यांत गेलेल्यांना परत दिवंगत करायची क्वेरी लिहिली. या वेळी अट नीट तपासली. मग अजून एक घातली: बाबांना सोडून.

"झालं सगळं?" स्नेहलने विचारलं.

"झालं," म्हटलं.

चुकीचं आहे हे माहीत असून तुम्ही कधी काही तसंच राहू दिलंय का?