तळं भरलं का?

दुष्काळ पडला होता आणि आम्ही दोघं खूश होतो.

मी आणि दिगूमामा.

परवा सकाळी मामा गेला. हार्ट अटॅक.
तेव्हापासून लोक इथं फेसबुकवर लिहितायत, हौशी माणूस, दिलदार माणूस. सगळं खरं आहे. पण त्याची हौस सगळ्यात छान कधी भागली, हे मलाच माहीत आहे. सांगताना लाज वाटते.

मामा वाळूजला एका कंपनीच्या टूलरूममध्ये होता, घर पडेगावला. सुट्टीच्या दिवशी रेडिओ कंट्रोलची विमानं बनवायचा. बाल्साचं हलकं लाकूड, नाकाशी छोटं इंजिन. लहानपणी मी पंख धरून उभी राहायचे. पुढे इलेक्ट्रॉनिक्स घेतलं ते त्याच्यामुळे.

घरामागच्या माळावर आम्ही उडवायचो. मग तिथं प्लॉटिंग पडलं. आधी चुन्याच्या रेषा, मग दगड, मग कंपाउंड. शेवटी एकदा विमान कुणाच्या तरी स्लॅबच्या सळयांवर उतरलं.

"आता कुठं उडवायचं?" मी विचारलं.
"बघू की," मामा म्हणाला.

त्याच उन्हाळ्यात त्याच्या गावचं तळं आटलं.

गाव लासूर स्टेशनच्या पुढं. थोरला तात्यामामा तिथं शेती बघतो.
तळ्यातला गाळ वाळून टणक झाला होता. सपाट. ना झाड, ना वायर.
असा रनवे आम्हाला शोधून सापडला नसता.

फक्त एक अडचण होती. इंजिनाचा आवाज गावभर जायचा. बांधाच्या खाली टँकर यायचा, आणि रांगेतल्या बाया मान वर करून बघायच्या.

"इंजिनेर बाई, ह्याला करंटवर कर," मामा म्हणाला. "लोक पाण्याला उभे, अन् आपली मजा साऱ्या गावाला ऐकू येती. बरं नाय दिसत."

मी ते टेक्निकल रिक्वायरमेंट म्हणून ऐकलं. आवाज कमी हवा. ठीक.

महिनाभर रविवार त्यातच गेले. इंजिन काढलं, इंधनाची टाकी काढली. नाकातलं लाकूड एरंडेलानं भिजलेलं होतं, कारण त्या इंधनात एरंडेल असतं. थिनरनं पुसून पुसून वाळवलं, नाहीतर गोंद धरत नाही. मोटर इंजिनापेक्षा आखूड, म्हणून मधली जागा भरायला मामानं लेथवर चार स्पेसर काढले. टाकीच्या जागी बॅटरी बसवली, आणि पंखाखाली दोन बोटं धरून विमान तोललं.

"नाक जरा खाली जातंय."
"बॅटरी मागं सरकव."
"आता?"
"आता बस."

पहिल्या उड्डाणाला गावी गेलो तर बॅटरी पुरेशी चार्ज नव्हती. माझा निष्काळजीपणा.
तात्यामामानं पंपाची खोली उघडून दिली.
"लाव की तुझा चार्जर. लाईट हाय. मोटर बंदच हाय आमची, विहिरीत काय हाय उपसायला?"

तो हसला. आम्हीही हसलो.
चार्जरवरचा आकडा वाढत होता आणि मी तो बघत होते. विहिरीत वाकून बघितलं नाही.

दुपारी ढग आले. चांगले, काळे, दौलताबादच्या बाजूनं. तात्यामामा आभाळाकडं बघत अंगणात उभा राहिला, चप्पल न घालता.

आम्ही दोघं बांधावर होतो. आम्हीही आभाळाकडंच बघत होतो.

"आज नको रे बाबा," मामा म्हणाला. "सारा चिखल होईल. आठ दिस तरी थांब."
"पंधरा," मी म्हणाले. "ट्रिमिंग पण करायचंय, सरळ उडेपर्यंत."

मागं नंदामामी उभी होती. तात्यामामाची बायको. हातात चहाचा ट्रे.

तिनं तो आमच्यामध्ये ठेवला.
"घ्या भाऊजी. उडवा तुमचं इमान. आमचं काय, टँकर येतोय की."

एवढंच बोलली. खाली रांगेत तिचे हंडे होते, तिकडं गेली.

ढग निघून गेले.

आमच्या म्हणण्यानं ढग हलत नाहीत, हे मला कळतं. तरीही.

आम्ही विमान उडवलं. आवाज जवळजवळ नाहीच. रांगेतल्या कुणीही वर बघितलं नाही. इतकं सुंदर उड्डाण आमच्या हातून आधी कधी झालं नव्हतं. लँडिंगला मी टाळ्या वाजवल्या.
मामानं वाजवल्या नाहीत. तो विमान उचलून सरळ गाडीकडं गेला.

त्यानंतर तो तिथं कधी उडवायला गेला नाही. मला म्हणाला, गुडघे दुखतात. मी विश्वास ठेवला, आणि मित्रांबरोबर दुसरं ग्राउंड शोधलं.

काल गावीच त्याला अग्नी दिला. नंतर मी एकटी बांधावर गेले.

तळं काठोकाठ भरलंय. बगळे, म्हशी, पोहणारी पोरं.
आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? रनवे गेला.

इतक्या वर्षांनी. त्याची राख गरम असताना.

परत आले तर नंदामामी ओट्यावर बसली होती. मला शेजारी बसवलं.

"तुझा मामा लई लाजाळू गं. दर पावसाळ्यात फोन करायचा. हॅलो नाय, काय नाय. वहिनी, तळं भरलं का? नाय म्हणलं की आठ दिसांनी पुन्हा. भरलं म्हणलं, की मग घरच्यांचं इचारायचा."

मला हे माहीत नव्हतं. मी एकदाही फोन केला नाही.

"मामी, त्या दिवशी आम्ही..."
"व्हय. ऐकलं होतं मी." तिनं पदर नीट केला. "यंदा चार दिसांपूर्वी भरलं. म्हणलं, आपणच लावावा भाऊजींना फोन. तर राहूनच गेलं."

ती रडली. मी तिच्या शेजारी बसून राहिले. माफी मागायची होती, तीही राहूनच गेली.

म्हणून इथं लिहितेय. आणि तिचा राहिलेला निरोपही पोचवते.

मामा, तळं भरलंय.
आता घरच्यांचं विचार.