शेवटचा माणूस येईपर्यंत

आमच्या रविवारी रानात चालणाऱ्या गटात त्याला सगळे शेपूट म्हणत. चिडवून नव्हे, तो हुद्दाच होता. सगळ्यांत पुढे दातांचे डॉक्टर, सगळ्यांत मागे हा, आणि मध्ये आम्ही धापा टाकणारे अठराजण. चौतीस वर्षं त्याने लिफ्ट दुरुस्त केल्या. आत पाय ठेवला की नुसत्या आवाजावरून कुठली तार सैल आहे ते सांगायचा.

रानात आमची पद्धत अशी: फाटा आला की डॉक्टरांच्या लगेच मागे जो असेल, त्याने तिथे उभं राहायचं. तो खांब. सगळे त्याच्यासमोरून पुढे जाणार, शेवटी शेपूट येणार आणि म्हणणार, "सुटलात." मग खांबाने निघायचं. शेपूट आल्याशिवाय खांब हलणार नाही, आभाळ कोसळलं तरी. नियम यानेच घालून दिलेला, आणि वीस वर्षांत आमचा एकही माणूस हरवला नाही.

गेल्या उन्हाळ्यात तो स्वतःच्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये पाऊण तास उभा होता. दार बंद, बटण दाबलेलंच नाही. शेजारणीने दार उघडलं तर म्हणाला, "बिघाड सापडत नाहीये." मग एकदा दूध जळून भांडं काळं झालं, एकदा रात्रभर नळ चालू राहिला. त्याच्या लेकीने म्हाताऱ्यांसाठीची एक जागा बघून ठेवली. स्वच्छ, हवेशीर, फाटकाला कुलूप. मी तिला म्हटलं, "एवढी घाई कशाला? या रविवारी रानात चालताना बघ त्यांना, मग ठरव." माझं तोंड कधी वेळेवर बंद राहिलेलं नाही.

"ठीक आहे मावशी," ती म्हणाली. "नीट पार पडलं तर वर्षभर विषय काढणार नाही. नाहीतर सोमवारी फॉर्म भरते."

त्या रविवारी लेकही आमच्याबरोबर आली. पानं कडेकडेने पिवळी पडायला लागली होती. वाट ओलसर, कुजक्या ओंडक्यांवर अळंबी. स्वारी रंगात होती. बँकेतले निवृत्त साहेब बुटाची नाडी बांधायला तिसऱ्यांदा वाकले, तेव्हा हा मागून म्हणाला, "साहेब, नाडी बांधताय की लिफ्टची तार ओवताय?" लेक हसली. मी तिच्याकडे बघून भुवया उडवल्या, बघितलंस ना, अशा अर्थाने.

तिसऱ्या फाट्यावर खांब मी. सगळे पुढे गेले, लेकही गेली. मग तो आला, निवांत, आणि माझ्या शेजारी उभा राहिला. "सुटलात" म्हणेना.

"निघायचं ना?" मी विचारलं.

"कसं निघणार? शेपूट कुठे आलंय अजून?"

मला वाटलं थट्टा. "शेपूट तुम्हीच की हो."

"बाई, तुम्ही एवढ्या शिकलेल्या." तो आम्ही आलो त्या वाटेकडे बघत होता. "येईल. जरा हळू चालतो, पण माणूस पक्का आहे."

मी समजावलं. मी चिडले. मग सरळ खोटं बोलले, की शेपूट दुसऱ्या वाटेने पुढे गेलं.

"तसं तो कधी करणार नाही."

"सुटलात," मी म्हटलं.

"ते तुम्ही नाही म्हणायचं."

फोनला रेंज नाही. त्याला एकट्याला सोडून पुढे जायची माझी हिंमत होईना. तासाभराने, मागून कोणीच येत नाही म्हणून, डॉक्टर, साहेब आणि लेक परत आले.

"चला हो, जेवायची वेळ झाली," डॉक्टर म्हणाले.

"एक माणूस मागे राहिलाय डॉक्टर. जेवण सुचतं कसं तुम्हाला?"

लेक पुढे झाली. "कोण राहिलंय बाबा?"

"उंच आहे. निळं जाकीट." स्वतःच्या निळ्या जाकिटाच्या खिशात हात घालून तो आठवत राहिला. "नाव आत्ता ओठांवर येत नाहीये. त्याची लेक आलीये आज. तिला काय सांगायचं आपण?"

डॉक्टर आणि साहेबांनी दोन्ही दंडांना धरून त्याला चालवलं. तो मान वळवून वळवून मागे बघत होता. "माणूस टाकून चाललात," एवढंच म्हणाला, दोनदा. दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून.

गाड्यांपाशी लेकीने विचारलं, "मावशी, काही म्हणायचंय?"

आयुष्यभर वाद घालत आले. तिथे फक्त "भर फॉर्म," म्हटलं.

आता दर गुरुवारी त्याला भेटायला तिथे जाते. एक पलंग, एक कपाट, खिडकीला जाळी. लेकीला तो कधी ओळखतो, कधी नाही. मी कोण हे त्याला मुळीच आठवत नाही, पण माझ्याशी बोलायचं नाही हे मात्र पक्कं लक्षात आहे. मी आत गेले की भिंतीकडे तोंड करून बसतो. मी अर्धा तास बसते आणि निघते.