केम म्हणजे आला की आली?

शेवंतीचा जुना मित्र भर दुपारी गुपचूप आला आणि तिने हळूच दार उघडलं, अशी कुजबुज एका बुधवारी संध्याकाळी आमच्या चाळीच्या नळावर सुरू झाली आणि नळ जायच्या आत शेवटच्या खोलीपर्यंत पोचली. नळाचं पाणी काही तिथवर कधी पोचलं नव्हतं.

आता बघा, 'कोणीतरी आलं' ही काही बातमी नव्हे. लोक येतात, जातात. 'गुपचूप आला' म्हटलं की कान टवकारतात. 'जुना मित्र गुपचूप आला' म्हटलं की हातातली बादली खाली ठेवावी लागते. क्रियापद म्हणजे नुसता भात, क्रियाविशेषण म्हणजे वरची आमटी, आणि विशेषण म्हणजे बाजूचा तळलेला बांगडा. आमच्या सुगंधाकाकू ताट नेहमी भरूनच वाढायच्या.

चाळ अंधेरी पूर्वेला, मरोळच्या अलीकडे. गिरण्यांचा संप सुरू होऊन वर्ष उलटलं होतं. शेवंतीचा नवरा दशरथ गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. उंचापुरा, देखणा आणि नको तितका मानी. "संप मिटायच्या आत माझी बायको कुठल्या कारखान्याची पायरी चढली तर दशरथ हरला समजा," असं तो भर सभेत बोलून बसला होता. सकाळी सभेला जायचा, संध्याकाळी यायचा आणि भिंतीला पाठ लावून गप्प बसायचा. घरातला भात पातळ होत होत पेजेवर आला होता.

शेवंती मॅट्रिक झालेली. मरोळच्या एका औषध कंपनीत जागा निघाली होती: फुटक्या, गळक्या बाटल्यांच्या तक्रारी लिहायची. अट एकच. काय झालं, कसं झालं, हे इंग्रजीत नीट लिहिता यायला हवं. परीक्षा शनिवारी. ती हुकली तर बिऱ्हाड उचलून गावी जायचं आणि थोरल्या जावेच्या हाताखाली जन्म काढायचा, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दशरथला सांगायचं ते पास झाल्यावरच, असं तिने मनाशी ठरवलं.

शेजारच्या खोलीत नंदकिशोर मास्तर राहायचे. रात्रशाळेत इंग्रजी शिकवायचे, म्हणजे दुपारी घरी, आणि बिनलग्नाचे. बाईने मास्तरांच्या खोलीत जायचं नाही, मास्तरांनी बाईच्या खोलीत यायचं नाही, लोक बोलतील! म्हणून दोघांनी शहाणपणाचा मार्ग काढला. मधल्या फळीच्या भिंतीच्या अलीकडे शेवंती बसायची, पलीकडे मास्तर, आणि दबक्या आवाजात धडा चालायचा. लोक बोलू नयेत म्हणून माणसं काय काय करतात, आणि लोकांना बोलायला नेमकं तेच पुरतं!

"शी स्पोक गुड," शेवंती म्हणायची.

"गुड नाही वहिनी, वेल. गुड माणसाला लावायचं, वेल बोलण्याला."

"आपल्यात 'छान मुलगी' आणि 'छान बोलली', दोन्हीकडे छानच की."

"त्यांच्यात शेपूट लागतं. स्लोचं स्लोली, सीक्रेटचं सीक्रेटली."

"आणि बोलला, बोलली?"

"दोन्ही स्पोक. आला केम, आली केम. इंग्रजी क्रियापद बाई-बाप्या बघत नाही."

"बरं आहे मग त्यांचं," शेवंती म्हणाली.

त्या बुधवारी मास्तरांनी घालून दिलेली वाक्यं होती: 'द ओल्ड फ्रेंड सीक्रेटली केम. शी स्लोली ओपन्ड द डोअर.' शेवंती ती घोकत राहिली, आणि दुसऱ्या बाजूच्या फळीला सुगंधाकाकूंचा कान होता. काकूंनी तरुणपणी बांद्र्याला एका साहेबाची मुलं सांभाळलेली. मुलं सांभाळणाऱ्या बाईला इंग्रजीतलं दुसरं काही आलं नाही तरी स्लोली, क्वायटली, क्विकली हे येतंच. अर्थ त्यांना बरोबर लागला. घोटाळा एवढाच, की मराठीत सांगायचं तर 'केम'चं आला करा नाहीतर आली करा, मधलं काही चालत नाही. काकूंनी क्षणाचाही विचार न करता 'आला' केलं.

गुरुवारी कुणीतरी ते दशरथच्या कानात घातलं. तो सभा अर्धी टाकून आला. शेवंती तांदूळ निवडत होती.

"काल घरात कोण आला होता?"

"कोणी नाही."

गॅलरीत एकाएकी सगळ्यांचे कपडे वाळत घालायचे राहून गेले होते. माझाही एक पंचा होता. शेवंतीची पंचाईत अशी, की खरं सांगावं तर मरोळची परीक्षा गेली, न सांगावं तर संसार गेला.

"अगो, कोणी नाय कसो?" सुगंधाकाकू दारातून म्हणाल्या. "माज्या ह्या कानांनी आयकलंय. द ओल्ड फ्रेंड सीक्रेटली केम. शी स्लोली ओपन द डोअर."

शेवंतीच्या तोंडून निसटलं, "ओपन नाही काकू, ओपन्ड. झालेली गोष्ट आहे ती."

"बघा! झालेली गोष्ट म्हणता! आपल्याच तोंडान!"

दशरथने चौकट धरली होती, त्या हाताच्या शिरा तटतटल्या. "नाव सांग त्याचं."

आणि नेमके तेव्हाच नंदकिशोर मास्तर मदतीला धावले. शर्टाची बटणं खालीवर लागलेली. "दशरथराव, ते... ते क्रियाविशेषण होतं हो."

"ह्योच तो!" काकू ओरडल्या.

दशरथने मास्तरांची गचांडी धरली. मास्तरांचे पाय जमिनीवर होते, पण नावापुरतेच.

"सोडा त्यांना," शेवंती उठून म्हणाली. "मी इंग्रजी शिकतेय. फळीआडून. शनिवारी मरोळला परीक्षा आहे. कारखान्यात."

गचांडी सुटली. पण दशरथचा चेहरा आधीपेक्षा वाईट झाला. "आणि तो मित्र?"

"धड्यातलं वाक्य आहे. आणि मित्रच कशावरून? फ्रेंड मैत्रीणही असते. ओल्ड म्हणजे म्हातारी. केम म्हणजे आली. 'म्हातारी मैत्रीण गुपचूप आली', हेसुद्धा तेच वाक्य. आला की आली ते काकूंनी ठरवलं."

"असली कसली भाषा?" काकू म्हणाल्या. "बाई इली की बापयो, ताच कळणा नाय?"

कुणीतरी फिसकन हसलं. दशरथ हसला नाही.

"शिकलीस ना? मग माझ्यावर कर वाक्य. आत्ता."

शेवंतीने त्याच्याकडे पाहिलं. "द प्राउड मॅन सायलेंटली सॅट."

"मराठीत सांग."

"मानी माणूस गप्प बसला."

सुगंधाकाकूंनीसुद्धा तोंडाला पदर लावला.

"ते प्राउड काढ," दशरथ म्हणाला.

"काढलं. तरी वाक्य उभं राहतं."

"सायलेंटलीपण काढ."

"तरी राहतं."

"मग राहिलं काय?"

"माणूस बसला."

"आणि बाई बसली तर?"

"तरी सॅटच. बसला, बसली एकच."

"म्हणजे मी बसलो की तूही बसायचं."

"इंग्रजीत चालतं," शेवंती म्हणाली. "घरात कुणीतरी उठायला हवं."

आता थप्पड पडते, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. दशरथने आमच्या तोंडावर दार लावलं आणि आतून कडी घातली.

शुक्रवारी त्या खोलीतून एक शब्द ऐकू आला नाही. भांड्याचासुद्धा आवाज नाही. काकूंचा कान फळीला लागून लाल झाला, पण हाती काही लागेना. मास्तर तर रात्रशाळेला जायला मागच्या जिन्याने उतरले.

शनिवारी सकाळी कडी निघाली. आधी शेवंती बाहेर आली, लग्नातली साडी नेसून. तिच्यामागून दशरथ, इस्त्रीचा शर्ट घालून.

"खंय रे दशरथा?" काकूंना राहवलं नाही.

"मरोळला. हिला कारखान्यावर सोडायला. आणि काकू, नळावर सांगताना गुपचूप गेला म्हणू नका. छाती काढून गेला म्हणा."

परीक्षा संपेपर्यंत तो कारखान्याच्या गेटासमोर उभा होता. संपातली ओळखीची माणसं येता-जाता बघत होती. तो जागचा हलला नाही.

शेवंतीला ती जागा मिळाली. पुढे तिने लिहिलेल्या तक्रारींना सगळं पॅकिंग खातं टरकून असायचं. दशरथची गिरणी काही पुन्हा सुरू झाली नाही. तो पवईला एका बागेत माळी झाला. सुगंधाकाकूंनी माफी कधी मागितली नाही. फक्त त्यांच्या नव्या कुकरची शिटी बिघडली, तेव्हा कंपनीला इंग्रजीत झापणारं पत्र लिहून घ्यायला त्या शेवंतीकडेच आल्या, आणि "त्यात ता शेपूटवाला काय ता जोरदार घाल हां," असं वर बजावून गेल्या.

त्या बुधवारी दुपारी शेवंतीच्या खोलीत कोणी आला नव्हता आणि कोणी आली नव्हती. दार कोणी उघडलं नव्हतं. ती धडा पाठ करत होती.