एक मात्रा उशिरा

रत्नागिरीत ब्लूज रॉक वाजवणारा पहिला बँड आमचा. दुसरा अजून निघालेला नाही, त्यामुळे हा मान कोणी काढून घेईल अशी भीती नाही. गिटार आणि गळा माझा, ड्रम्सवर शाळेपासूनचा मित्र, शिवाय आणखी दोघे. पहिलं गाणं मीच लिहिलं, पालीच्या स्टँडवर एस.टी. चुकलेल्या माणसाचं. ब्लूजला दुःख लागतं, आणि पुढची गाडी दोन तासांनी असेल तर ते आपोआप येतं.

रेकॉर्डिंग आंब्याच्या पॅकिंग शेडमध्ये केलं. हंगाम संपल्यामुळे शेड रिकामीच होती. आवाज घुमू नये म्हणून पेट्यांत घालायचा भाताचा पेंढा भिंतींना लावायचा, ही अक्कलही माझीच.

गाणं एका दमात झालं. फक्त दुसऱ्या कडव्यानंतर सगळे थांबतात आणि ड्रम्स गाणं परत उचलतात, तिथे मित्र एक मात्रा उशिरा आला. पुन्हा घेऊ म्हणेपर्यंत वीज गेली आणि भाड्याचं सामान परत द्यायची वेळ झाली. तेच गाणं इंटरनेटवर टाकलं. ऐकलं कोणी? नातेवाइकांनी, तेही अर्धं. सगळं खापर मी त्या एका मात्रेवर फोडलं. मित्र शेडबद्दल काहीतरी सांगू लागला, तर त्याला सगळ्यांदेखत म्हणालो, ‘नाचता येईना, अंगण वाकडं!’

तो बँड सोडून बोटीवर नोकरीला गेला. आठ वर्षं आम्ही बोललो नाही. खरं सांगतो, मला गाण्यापेक्षा तोच जास्त हवा होता. पण आधी फोन कोणी करायचा? चूक त्याची होती ना!

यंदा गणपतीत सासुरवाडीला होतो. दुपारी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, गावातल्या मंडळींची जाखडी आली. मधे ढोलकी, भोवती पायात चाळ बांधून नाचणारे. गण सुरू झाला आणि माझ्या हातातला चहा तसाच राहिला. शब्द गणपतीचे, चाल माझी! चोर म्हणून ओरडायला उठणारच होतो, तेवढ्यात दुसरं कडवं संपलं. सगळे थांबले, पाय वर उचललेले. ढोलकी यायला हवी तिथे आली नाही. एक मात्रा मागाहून आली, आणि सगळे पाय एकदम जमिनीवर. बघणाऱ्यांनी शिट्ट्यांनी खळं डोक्यावर घेतलं.

नाच संपल्यावर ढोलकीवाल्याला गाठलं. चाल कुठली, म्हणून विचारलं.

‘नेटवर गावली. कोनाची ता म्हायत नाय. पन ती थांबायची जागा हाय ना, पावणे, तिच्यासाठी घेतली. बाकी गाना साधाच हाय.’

एरवी मी भांडलो असतो. आज खिशातून मोबाइल काढला. मित्र रजेवर भाट्याला घरी आलाय, हे मला ठाऊक होतं. अबोला धरला तरी चौकशी सोडली नव्हती. तिथूनच फोन लावला आणि जे पाहिलं ते सगळं सांगितलं.

तो म्हणाला, ‘शिंक येत होती रे. पेंढ्याची धूळ. तुझं गाणं बिघडू नये म्हणून दाबून धरली, त्यात हात चुकला.’

‘मग तेव्हाच सांगायचंस ना!’

‘सांगत होतो. तू म्हण ऐकवलीस.’

‘माझं चुकलं,’ मी म्हणालो. मग मंडळींना गण पुन्हा घ्यायला सांगितला आणि मोबाइल ढोलकीजवळ धरला.